उमेदवारीचे कामच यंत्राने केले, तर उद्याचे जाणकार घडणार कोठे?

प्रश्न : मसुदेकार

गेली १९ वर्षे मी करार, नियमावल्या आणि तांत्रिक पुस्तिका यांच्या अनुवादाचे काम करते आहे. त्यांतील अलीकडची नऊ वर्षे एका लहान गटाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्याकडे कामाची एक उतरंड आपोआप ठरून गेली होती. नवा माणूस आला की त्याच्या वाट्याला कच्चा खर्डा करण्याचे काम येई. तो खर्डा लाल शाईने रंगून परत जाई. ही त्याची उमेदवारी, म्हणजे काम करत शिकण्याचा काळ. असे शेकडो खर्डे करता करता हात बसे आणि चार-पाच वर्षांनी तोच माणूस दुसऱ्याचे खर्डे तपासण्याच्या योग्यतेचा होई. याला आम्ही कधी प्रशिक्षण म्हटले नाही. ते रोजचे काम होते, त्याचे पैसे ग्राहकाकडून येत होते, आणि शिकणे त्याच्या पोटात घडत होते.

आता कच्चा खर्डा यंत्र करते. दोन दिवसांचे काम काही मिनिटांत होते आणि ते वाईट नसते, हे मान्य केले पाहिजे. नवख्यांना मी आता यंत्राचा खर्डा तपासायला देते, म्हणजे जे काम पूर्वी पाच वर्षांनी मिळत असे ते पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे येते.

यातून काय होते याचा एक प्रसंग सांगते. एका करारात असे कलम होते की, मुदत संपण्यापूर्वी कोणत्याही पक्षाने 'नूतनीकरण नको' असे लेखी कळवले नसेल, तर करार आपोआप पुढे चालू राहील. यंत्राच्या खर्ड्यात 'कळवले नसेल' याच्या जागी 'कळवले असेल' असे उतरले होते. एका अक्षराच्या फरकाने कलमाचा अर्थ उलटा झाला. पण वाक्य इतके घोटीव होते की दोन नवख्यांपैकी एकाचाही डोळा त्यावर अडखळला नाही. चूक सापडली ती आमच्या सर्वांत जुन्या सहकारी बाईंना. त्या तेथेच का थांबल्या, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "अशा कलमात नकार दोनदा येतो. उमेदवारीत असताना मी त्यांतला एक गाळला होता आणि त्यावरून बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून अशा वाक्यावर बोट ठेवून मी नकार मोजते."

ज्यांनी ती चूक स्वतःच्या हाताने कधी केलीच नाही, त्यांना ती दुसऱ्याच्या, त्यातही यंत्राच्या, सफाईदार वाक्यात दिसेल कशी? कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे किती नोकऱ्या जातील यावर पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातले बरेचसे परस्परविरोधी असते. मला विचारायचे आहे ते त्याहून मर्यादित आहे. खालची पायरी काढून घेतल्यावर वरच्या पायरीवरची माणसे कोठून येणार, आणि त्यांना तयार करण्याचा खर्च कोणी करायचा? हिशेब, संगणक, कायदा, वैद्यक, कोणत्याही क्षेत्रातील अनुभव चालेल.

प्रतिसाद : जुनेपाने

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने दोन उदाहरणे मांडतो. त्यांतले एक आपल्या प्रश्नाला थोडेसेच लागू पडते आणि दुसरे बरेच.

पहिले टेलिफोन ऑपरेटरांचे, म्हणजे हाताने फोन जोडून देणाऱ्यांचे. अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रौजर यांनी स्वयंचलित टेलिफोन केंद्राची कल्पना मांडली आणि असे पहिले केंद्र १८९२ साली अमेरिकेतील ला पोर्ट या गावी सुरू झाले. परंतु एटी अँड टी या तेथील मोठ्या टेलिफोन कंपनीने ते तंत्र अंगीकारायला सुमारे पाव शतक घेतले आणि शेवटचे हातांनी चालणारे स्थानिक केंद्र तिने १९७८ मध्ये बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम तरुण अमेरिकन मुलींच्या हक्काच्या नोकऱ्यांपैकी एक होते. जेम्स फायगेनबॉम आणि डॅनियल ग्रॉस या अर्थशास्त्रज्ञांनी जनगणनेच्या नोंदी जुळवून त्या मुलींचे पुढे काय झाले याचा माग काढला. त्यांच्या पाठोपाठ कामाच्या वयात आलेल्या मुलींचे एकंदरीत फारसे बिघडले नाही, कारण टंकलेखन, कार्यालये, उपाहारगृहे अशा ठिकाणी त्यांना कामे मिळाली. मात्र ज्या आधीच ऑपरेटर होत्या त्यांच्यापैकी अनेक जणी दहा वर्षांनी कामाबाहेर तरी होत्या किंवा कमी पगाराच्या कामावर तरी होत्या. 'समाजाने जुळवून घेतले' या वाक्यात 'समाज' म्हणजे बहुधा पुढची पिढी असते, हे येथे स्पष्ट दिसते.

पण ऑपरेटरचे काम ही कशाची पायरी नव्हती. स्विचबोर्डवर दहा वर्षे काढल्याने कोणी टेलिफोन अभियंता होत नसे. त्यामुळे आपल्या प्रश्नाला दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे, आणि ते म्हणजे यंत्रे फोडणारे म्हणून बदनाम झालेले लडाइट.

त्यांची चळवळ १८११ साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर भागात मोजे विणणाऱ्या कारागिरांमध्ये सुरू झाली. शाळेच्या पुस्तकात ते यंत्राचे आंधळे शत्रू म्हणून येतात. वस्तुतः ज्या विणमागांवर त्यांचा राग होता त्यांचा शोध लागून तोवर दोन शतके उलटली होती आणि ते स्वतः त्याच मागांवर काम करत होते. त्यांच्या तक्रारींत दोन गोष्टी पुनःपुन्हा येतात. रुंद कापड विणून, ते कापून आणि शिवून बनवलेला हलका माल बाजारात येतो, ही एक. आणि उमेदवारी न केलेल्या पोरांना मागावर बसवले जाते, ही दुसरी. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्यानुसार कसबी धंद्यात शिरण्यासाठी सात वर्षांची उमेदवारी आवश्यक होती. कारागीर म्हणत होते की, आहे तो कायदा पाळा. संसदेने १८१२ मध्ये माग फोडणाऱ्याला देहदंडाची तरतूद केली आणि १८१४ मध्ये उमेदवारीची ती कलमेच रद्द करून टाकली. दोन वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन निर्णयांपैकी पहिलाच लोकांच्या लक्षात राहिला, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्या सगळ्या काळाविषयी अर्थ-इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांचा अंदाज असा आहे की, १७८० ते १८४० या साठ वर्षांत ब्रिटनमध्ये दर कामगारामागे उत्पादन सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले आणि खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा जाता उरणारी, केवळ १२ टक्क्यांच्या आसपास. पुढे मजुरी वाढली, हे खरे. पण मध्ये दोन पिढ्या गेल्या. तंत्रज्ञानाने शेवटी सर्वांचे भले होते असे म्हणणाऱ्याने 'शेवटी' म्हणजे किती वर्षे, हेही सांगायला हवे.

प्रतिसाद : आज्ञावली

मी संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांचा एक गट सांभाळतो आणि मसुदेकार यांनी वर्णन केलेली स्थिती आमच्याकडे वर्षभर आधी आली. नवख्याला आम्ही पूर्वी किरकोळ दोष दुरुस्त करायला देत असू. दोष किरकोळ असे, पण तो शोधण्यासाठी दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींतून वाट काढावी लागे, आणि त्या भटकंतीत कोणता भाग कशावर टेकला आहे याचा नकाशा डोक्यात तयार होई. आता दोषाचे वर्णन यंत्राला दिले की दुरुस्ती हजर होते. दोष जातो, भटकंती होत नाही आणि नकाशाही तयार होत नाही.

या विषयावर जी मोजमापे झाली आहेत ती एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत, कारण एकेकटी वाचली तर वेगवेगळी टोके गाठता येतात. ग्राहकसेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. संभाषण चालू असताना उत्तर सुचवणारे साधन मिळाल्यावर ताशी सुटणाऱ्या तक्रारींची संख्या सरासरी १४ टक्क्यांनी वाढली; नवख्यांच्या बाबतीत ही वाढ सुमारे ३४ टक्के होती आणि मुरलेल्यांच्या बाबतीत जवळजवळ शून्य. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की यंत्र नवख्यांचा मित्र आहे. मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. ते साधन उत्तम कर्मचाऱ्यांच्या जुन्या संभाषणांवरच घडवलेले होते, म्हणजे मुरलेल्यांचे शहाणपण गोळा करून ते नवख्यांना वाटले गेले. ज्यांचे शहाणपण होते त्यांना त्याबद्दल वेगळे काही मिळाले नाही, आणि उद्या मुरलेले कोणी उरलेच नाहीत तर गोळा करायचे ते कोणाकडून, हा प्रश्न आहेच.

याच्या उलट, २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रणालीकारांवर एक प्रयोग झाला. त्यांनी स्वतःच्याच परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. काही कामांत यंत्राची मदत घेण्याची मुभा होती, काहींत नव्हती. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. गंमत अशी की, काम संपल्यावर विचारले असता आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केले असे त्यांचे म्हणणे होते. आपले काम कितपत चांगले चालले आहे याची जाण मुरलेल्या माणसालाही यंत्राच्या संगतीत दगा देते, तर नवख्याची काय कथा?

रोजगाराविषयी बोलायचे तर, अमेरिकेतील वेतननोंदींवर आधारलेल्या ऑगस्ट २०२५ च्या एका शोधनिबंधात असे आढळले की, कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वाधिक संबंध येणाऱ्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातील रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला, आणि त्याच व्यवसायांतील वयाने मोठ्या कर्मचाऱ्यांचा रोजगार टिकून राहिला किंवा वाढला. दुसरीकडे डेन्मार्कमधील सुमारे २५,००० कर्मचाऱ्यांच्या पाहणीत २०२४ पर्यंत पगारावर किंवा कामाच्या तासांवर जाणवण्याजोगा कोणताही परिणाम दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. आहेत त्यांना कोणी काढत नाही. नव्यांना आत घेण्याचे प्रमाण मात्र हळूहळू कमी होते. दार बंद होताना आतल्याला आवाज येत नाही.

शिकण्याविषयी मला सर्वांत बोलका वाटलेला प्रयोग तुर्कस्तानातील एका शाळेत झाला. गणिताच्या सरावात जवळपास एक हजार विद्यार्थ्यांपैकी काहींना साधा चॅटबॉट दिला, तर काहींना उत्तर न सांगता केवळ पुढची दिशा सुचवणारा चॅटबॉट दिला. साध्या चॅटबॉटमुळे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण परीक्षेत तो काढून घेतल्यावर त्याच मुलांना, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा, १७ टक्के कमी गुण मिळाले. दिशा सुचवणाऱ्या चॅटबॉटमुळे सरावातील गुण याहून कितीतरी अधिक वाढले आणि परीक्षेत होणारे नुकसानही जवळजवळ टळले. म्हणजे दोष यंत्राच्या असण्यात नाही. ते उत्तर आयते हातात देते की विचार करायला लावते, यावर सगळे अवलंबून आहे. बाजारात मात्र पहिल्या प्रकारची साधनेच खपतात, कारण विकत घेणाऱ्याला आजचा खर्डा आज हवा असतो.

प्रतिसाद : साशंक

उमेदवारीविषयीचा हा गहिवर मला थोडा अतिरिक्त वाटतो. मी ज्या काळात शिकलो त्या काळी अभियंत्याला लॉग टेबल उघडून आकडेमोड करावी लागे आणि त्यामुळेच 'आकड्यांची जाण' येते असे आमचे वरिष्ठ छातीठोकपणे सांगत. कॅल्क्युलेटर आला, लॉग टेबल अडगळीत गेले, पूल काही कोसळू लागले नाहीत. नवख्याच्या कामात शिकणे किती असते आणि निव्वळ राबवून घेणे किती असते, याचा प्रामाणिक हिशेब कोणी मांडलेला नाही. शंभर खर्डे केल्याने माणूस घडला असेल. पण त्यांतील पहिले तीस खर्डे शिकवून गेले आणि उरलेले सत्तर केवळ पाट्या टाकण्यात गेले, असेही असू शकेल.

भाकितांविषयी तर अधिकच सावध राहावे. जेफ्री हिंटन यांच्यासारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेतील दिग्गजाने २०१६ साली सांगितले होते की, क्ष-किरण चित्रे वाचणारे नवे डॉक्टर घडवणे आता थांबवले पाहिजे, कारण पाच वर्षांत यंत्र ते काम त्यांच्याहून चांगले करील. तो सल्ला कोणी मनावर घेतला नाही हे बरेच झाले, कारण आज अनेक देशांत त्याच डॉक्टरांचा तुटवडा आहे. फ्रे आणि ऑस्बोर्न या अभ्यासकांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ४७ टक्के रोजगार यंत्रांमुळे धोक्यात असल्याचे मांडले. तीन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी व्यवसायाऐवजी त्यातील एकेक काम सुटे करून मोजले, तेव्हा हाच आकडा ९ टक्क्यांवर आला. मोजण्याची पट्टी बदलली की संकटाची उंचीही बदलते.

प्रतिसाद : तेरीज

साशंक यांचे उदाहरण त्यांच्याच विरुद्ध जाते, असे मला वाटते. हिंटन यांचा सल्ला मानला असता तर तुटवडा आणखी वाढला असता. म्हणजे यंत्राचे भाकीत चुकले तरी शिकवणे थांबवल्याचे नुकसान झालेच असते. डॉक्टर घडायला दहा वर्षे लागतात आणि मत बदलायला एक दिवस, ही यातली खरी अडचण आहे. पाट्या टाकण्याविषयीचे त्यांचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. त्याकडे शेवटी येते.

मी हिशेब तपासनीस आहे. उमेदवारीत मला महिनोन्‌महिने बँक जुळवणी पत्रके करायला लावली होती. एका बाजूला खातेवही, दुसऱ्या बाजूला बँकेचा उतारा, आणि हातात पेन्सिल. शेवटी फरक राहिला की आमचे वरिष्ठ विचारत, "नवाने भाग जातो का?" ७२४ च्या जागी ७४२ लिहिले गेले, तर फरक १८ येतो; शेजारचे कोणतेही दोन अंक उलटे पडले, तरी फरकाला नवाने भाग जातोच. हे पुस्तकात असते, पण माझ्या बोटांत ते आले रात्री नऊ वाजता न जुळणारी तेरीज समोर असताना. आज जुळवणी प्रणालीच करते आणि ती अंक उलटे पाडत नाही. तरीही एखाद्या व्यवहारात काहीतरी खटकते आहे असे मला कागद पाहताच वाटते, ते त्या रात्रींमुळे. आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ते वाटत नाही. हुशारीत ती त्या वयातल्या माझ्यापेक्षा सरसच आहेत.

आता खर्चाचा प्रश्न. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. जे कौशल्य कोठेही चालते, ते शिकवण्याचा खर्च मालक सहसा उचलत नाही, कारण शिकून तयार झालेला माणूस उद्या शेजारच्याकडे जाऊ शकतो. तो खर्च शिकणाराच उचलतो. उमेदवारीच्या काळात कमी पगार घेऊन तो जणू शुल्क भरत असतो. हा व्यवहार इतकी वर्षे चालला तो एकाच कारणाने. नवख्याचे काम साधे असले तरी मालकाच्या उपयोगाचे होते. खर्डा, जुळवणी, किरकोळ दोषदुरुस्ती हे त्याच्याजवळचे नाणे होते. यंत्राने ते काम जवळजवळ फुकट करून दिले आणि नवख्याच्या खिशातले नाणे चलनातून बाद झाले. शिकण्याची त्याची इच्छा आणि जाणकारांची समाजाला असलेली गरज कायम आहे. त्या दोघांना जोडणारा सौदा मात्र मोडला आहे.

करांची रचना या मोडण्याला हातभार लावते. अमेरिकेविषयीचा ॲसेमोग्लू, मनेरा आणि रेस्ट्रेपो या अर्थशास्त्रज्ञांचा हिशेब असा की, माणसाच्या श्रमावर प्रत्यक्षात २५ टक्क्यांहून अधिक कर पडतो, तर यंत्रसामग्री आणि सॉफ्टवेअर यांवर अलीकडे जेमतेम ५ टक्के. माणूस ठेवावा की यंत्र घ्यावे अशी सारखीच ओढ असेल, तेथे हा फरक पारडे झुकवतो.

मग पैसे कोणी द्यायचे? फ्रान्समध्ये १९२५ पासून मालकांकडून उमेदवारी कर घेतला जातो. ब्रिटनमध्ये २०१७ पासून मोठ्या मालकांना एकूण वेतनखर्चाच्या अर्धा टक्का रक्कम उमेदवारीसाठी बाजूला काढावी लागते. जो शिकवत नाही त्यानेही शिकवण्याचा खर्च द्यावा, हे यामागचे तत्त्व. म्हणजे दुसऱ्याने तयार केलेला माणूस आयता उचलण्याचा फायदा कमी होतो. अमेरिकेत डॉक्टरांच्या निवासी प्रशिक्षणाचा मोठा भाग १९६५ पासून सार्वजनिक आरोग्यविम्यातून दिला जातो. हे मार्ग निर्दोष नाहीत आणि ब्रिटनमधील योजनेवर तर टीकाही पुष्कळ झाली. पण प्रश्न नवा नाही आणि उपाय अशक्य नाहीत, इतके त्यावरून समजते.

करारातूनही काही साधता येते. हॉलिवूडमधील पटकथालेखकांचा २०२३ चा संप १४८ दिवस चालला. यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाचे साहित्य मानला जाणार नाही आणि ते साधन वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, ही संप मिटवणाऱ्या करारातील कलमे सर्वत्र गाजली. त्याच करारात मालिकेच्या लेखनकक्षात किमान किती लेखक असावेत हेही ठरले, त्याची चर्चा मात्र फार झाली नाही. लेखनकक्ष आक्रसत चालल्यामुळे कनिष्ठ लेखकांना चित्रीकरणाच्या जागी जाऊन काम शिकण्याची संधीच मिळत नाही, अशी त्यांची तक्रार यंत्राच्या आधीपासूनची होती. लडाइटांची दुसरी तक्रार दोनशे वर्षांनी अशी पुन्हा टेबलावर आली, आणि या खेपेस ती काही प्रमाणात मान्य झाली.

राहिले साशंक यांचे सत्तर खर्डे. ते शिकण्यासाठी नव्हतेच; ती पहिल्या तीसांची फी होती, असे मी म्हणेन. यंत्राने सत्तर घेतले याचे दुःख कोणाला नाही. त्यांच्यासोबत तीसही गेले, आणि ते कोणी परत मागत नाही.

प्रतिसाद : साशंक

सत्तर आणि तीस यांची ही फोड मला पटली. पण मग ते तीस कोणते, हे प्रत्येक धंद्याने आधी शोधले पाहिजे. नाहीतर शिकवण्याच्या नावाखाली मुलांना पुन्हा शंभरही करायला लावतील आणि पगार मात्र उमेदवाराचा देतील.

प्रतिसाद : मसुदेकार

सर्वांची आभारी आहे. तेरीज यांनी सांगितलेला मोडलेला सौदा वाचून मी आमच्या गटाचा हिशेब पुन्हा मांडला. यंत्रामुळे वाचलेल्या तासांपैकी एक तासही शिकवण्याकडे वळलेला नाही. सगळे तास अधिक काम घेण्यात गेले. हे कोणी ठरवून केले नव्हते, पण मी थांबवलेही नव्हते.

आठवड्यातून दोन दिवस नवख्यांनी यंत्राविना खर्डा करायचा, मग यंत्राचा खर्डा उघडायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून फरकांची यादी करायची, असे आम्ही सुरू करत आहोत. या वेळेचे पैसे ग्राहकाकडून घेता येणार नाहीत, तेव्हा किती काळ चालेल हे सांगवत नाही. एक अडचण मात्र सुटत नाही. उरलेले तीन दिवस ते यंत्राचेच खर्डे तपासणार आहेत, आणि तेथे लक्ष टिकत नाही. पन्नास पाने निर्दोष निघाली की एक्कावन्नाव्या पानावर डोळे नुसते सरकत जातात.

प्रतिसाद : आज्ञावली

मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये स्वयंचलनाविषयी लिहिताना नेमके हेच दाखवून दिले होते. यंत्र जितके विश्वासार्ह, तितकी त्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाची नजर बोथट होते. आणि अडचणीच्या क्षणी जे कौशल्य लागते, ते वापराविना आधीच गंजलेले असते. विमानवाहतुकीने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. सुरक्षित परिस्थितीत वैमानिकांनी विमान अधूनमधून हाताने चालवावे, असे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाला २०१३ मध्ये मुद्दाम सांगावे लागले.

आपल्या अडचणीवर विमानतळावरील सामान तपासणीतली एक युक्ती चालण्यासारखी आहे. क्ष-किरण यंत्रावर बसलेल्या माणसाला खरे शस्त्र वर्षानुवर्षे दिसत नाही. म्हणून प्रणाली मधूनच एखाद्या बॅगेच्या चित्रात शस्त्राची खोटी प्रतिमा मिसळते आणि ती ओळखली की 'ही चाचणी होती' असे सांगते. आपणही यंत्राच्या खर्ड्यात काही चुका पेरून पाहा. किती पेरल्या हे तपासणाऱ्याला सांगू नका, आणि पेरलेल्या चुकांची यादी जपून ठेवा, म्हणजे एखादी चुकून ग्राहकापर्यंत जाणार नाही.

प्रतिसाद : मसुदेकार

करून पाहिले. चाळीस पानांत सात चुका पेरल्या: तीन नकाराच्या, दोन मुदतीच्या, एक आकड्याची आणि एके ठिकाणी दोन पक्षांची अदलाबदल. नवख्यांपैकी एकाला तीन सापडल्या, दुसरीला चार. जुन्या सहकारी बाईंना सहा. मुदतीची एक चूक, 'तीस दिवसांच्या आत' याच्या जागी 'तीस दिवसांनंतर', तिघांच्याही नजरेतून निसटली. मी न पेरलेली एक चूकही बाईंना सापडली, ती यंत्राची स्वतःची होती आणि माझ्या हाताखालून गेली होती.

पुढच्या खेपेस चुका पेरण्याचे काम त्या करणार आहेत, आणि तपासायला नवख्यांच्या शेजारी मी बसणार आहे.